झंस्कार नदीवरचे काम

लडाखमधल्या पदुम गावाच्या रुंद, दगडगोट्यांनी भरलेल्या मैदानात दोन नद्या एकत्र येतात आणि तिथून पुढच्या प्रवाहाला झंस्कार म्हणतात. दोडा ही नदी पेन्सी ला खिंडीजवळच्या द्रांग-द्रुंग हिमनदीचे पाणी आणते. दुसरी, त्सराप, लुंगनाक खोऱ्याच्या चिंचोळ्या दरीतून उतरते. एकत्र झालेले पाणी काही अंतर मैदानात पसरून वाहते, झांगला गाव मागे पडल्यावर डोंगरात शिरते आणि झंस्कार पर्वतरांग आडवी कापत निम्मूपाशी सिंधूला मिळते. पदुमची उंची सुमारे ३,६५० मीटर, निम्मूची सुमारे ३,१५०. मधल्या सव्वाशे-दीडशे किलोमीटरांत नदी पाचशे मीटर खाली येते. राफ्टिंगच्या हिशेबाने हा उतार माफकच. रॅपिडची अवघडता मोजायला जी सहा पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी वापरतात, तिच्यावरही झंस्कारचे बहुतेक रॅपिड तिसऱ्या आणि थोडे चौथ्या पायरीवर बसतात. हृषीकेशच्या वर गंगेत याच प्रतीचे रॅपिड सुट्टीला आलेले पर्यटक हसतखेळत पार करतात. तरीही गंगेवर उमेदवारी केलेले गाइड झंस्कारची मोहीम वेगळ्या खात्यात मांडतात. घळीत एकदा शिरले की मैलोगणती बाहेर पडायला वाट नाही, पाणी नुकतेच बर्फातून सुटलेले, आणि सकाळी पाहिलेली नदी संध्याकाळी तीच राहत नाही. या तीन गोष्टींभोवती इथले सगळे काम फिरते. लाटांशी झुंजण्याचा वेळ त्यात फार थोडा असतो.

हे काम करणारे बहुतेक लोक गढवाल, नेपाळ आणि लडाख इथले. पावसाळ्यात गंगा फुगते, म्हणून हृषीकेशचे राफ्टिंग जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत बंद असते. नेमक्या त्याच महिन्यांत पावसाच्या सावलीत असलेल्या लडाखात बर्फ वितळून नद्या भरतात. त्यामुळे राफ्ट, वल्ही, पंप आणि माणसे यांचा एक मोठा जथा दरवर्षी ट्रकमधून डोंगरावर सरकतो. नेपाळी गाइड त्रिशुली, सुनकोशी, कर्नाली अशा नद्यांवर हात बसवून आलेले असतात. लडाखी तरुण पुष्कळदा स्वयंपाकाच्या तंबूतून किंवा सामान वाहण्याच्या कामातून सुरुवात करतात, दोन-चार हंगामांत सामानाचा राफ्ट वल्हवू लागतात आणि मग गाइडच्या जागेवर बसतात. हे काम हंगामी आणि अंगमेहनतीचे. राफ्टसोबत एकट्याच्या छोट्या होडीत जाणाऱ्या कायाकवाल्यांचे खांदे निखळणे ही या धंद्यातली नेहमीची दुखापत. एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळायला फार निमित्त लागत नाही, म्हणून चांगले कायाकपटू पंचेचाळिशीच्या आतच वल्ह्याच्या राफ्टवर किंवा किनाऱ्यावरच्या व्यवस्थेत गेलेले दिसतात.

पदुमला गाडीने पोचण्याचा जुना मार्ग कारगिलहून सुरू खोऱ्यातून आणि पेन्सी ला ओलांडून येतो. तो सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक लांब आहे आणि हिवाळ्यात बंद होतो. राफ्ट आणि जड सामान ट्रकने याच मार्गाने येत असे. पर्यटकांचे गट मात्र कित्येक वर्षे दुसऱ्या बाजूने, लाहौलमधल्या दारच्याहून, शिंकू ला ओलांडून पायी येत. दारचा साधारण ३,३६० मीटरवर आहे आणि खिंड पाच हजारांच्या थोडी वर. खिंडीपलीकडे उतार संथ होतो, गुंबोक रांगजोन हा एकांडा प्रचंड सुळका कितीतरी तास डोळ्यांसमोर राहतो, मग कारग्याक गाव, जवाची शेते, आणि पुढे पुर्ने. या वाटेवर घोडेवाल्यांचा शब्द अखेरचा मानतात. हिमनदीतून येणारे ओढे पहाटे गुडघाभर असतात आणि दुपारी उतरता येत नाहीत इतके वाढतात. त्यामुळे घोडेवाले उजाडण्याआधी सामान बांधतात आणि न्याहारीसाठी रेंगाळणाऱ्या पाहुण्यांवर उघडपणे वैतागतात. नदीवरचा पहिला धडा असा नदीला पोचण्याआधीच, पायाखाली मिळतो.

पुर्नेहून फाटा फुटून फुगतालच्या मठाकडे जातो. कड्यातल्या गुहेच्या तोंडाशी बांधलेला हा मठ खालून पाहताना कड्यालाच चिकटल्यासारखा दिसतो. तिबेटी भाषेचा कोश आणि व्याकरण करणारा हंगेरियन अभ्यासक अलेक्झांडर चोमा द कोरोश १८२३-२४ मध्ये झांगलाला आणि १८२५-२६ मध्ये फुगतालला राहिला. त्याचा कोश १८३४ मध्ये कोलकात्यात छापला गेला. अंगावर असतील तेवढे कपडे घेऊन, शेकोटीशिवाय, या उंचीवर शब्द गोळा करणाऱ्या माणसाची गोष्ट गाइड तंबूत बसून सांगतात तेव्हा थंडीबद्दलच्या तक्रारी जरा कमी होतात, एवढा तरी तिचा उपयोग आहे.

पायी आलेला गट नदीवर बरा वागतो, हे अनुभवी गाइडांचे ठाम मत आहे आणि त्यामागे कारणे आहेत. पहिले कारण शरीराचे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. विमानाने थेट लेहला, म्हणजे साडेतीन हजार मीटरवर, उतरणारा माणूस तो पहिल्याच तासात मोडतो. मग डोकेदुखी, मळमळ, झोप उडणे, आणि दुर्लक्ष केले तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी होण्यापर्यंत मजल जाते. महाराष्ट्रातून येणारे ट्रेकर इथे हमखास फसतात. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, १,६४६ मीटरचे. त्यावर अर्ध्या दिवसात चढून-उतरून येणाऱ्याला आपला दम पुरेसा आहे असे वाटते आणि तो लेहच्या पहिल्याच दिवशी पायऱ्या धावत चढतो. विरळ हवेला सरावणे हे दमावर अवलंबून नसते; त्याला फक्त दिवस लागतात. दुसरे कारण माणसे कळण्याचे. आठ-दहा दिवस सोबत चालल्यावर कोण पाणी प्यायला विसरतो, कोण दुखणे लपवतो, कोण सूचना ऐकल्यावर मान हलवतो पण तसे करत नाही, हे गाइडला ठाऊक झालेले असते. राफ्टमध्ये कोणाला पुढे बसवायचे आणि कोणाला आपल्या हाताच्या अंतरावर ठेवायचे, हे त्यावरून ठरते.

नदीवर उतरण्याचा दिवस हा बहुतांशी हमालीचा दिवस असतो. राफ्ट उलगडायचे, चारही बाजूंचे कप्पे सारख्या दाबाने फुगवायचे, सामानाच्या राफ्टवर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट आवळायची, तंबू, धान्य, स्टोव्ह, औषधे जलरोधक पिशव्यांत भरून पट्ट्यांनी करकचून बांधायची. राफ्ट उलटला तरी एकही वस्तू सुटता कामा नये, हा बांधणीचा निकष. सुटलेल्या दोऱ्या कापून टाकतात किंवा गुंडाळून दडवतात, कारण पाण्यात पडलेल्या माणसाच्या पायात अडकलेली दोरी लाटेपेक्षा घातक. राफ्टच्या हवेचे गणित थोडे फसवे आहे. दुपारच्या उन्हात घट्ट वाटणारा राफ्ट बर्फाच्या पाण्यात ढकलला की आतली हवा आकुंचन पावते आणि तो ढिला पडतो. तोच जेवणासाठी वाळूवर ओढून ठेवला तर ऊन लागून इतका तट्ट होतो की शिवण उसवण्याची भीती. म्हणून पाण्यात गेल्यावर काही वेळाने पुन्हा पंप मारायचा आणि किनाऱ्याला लागताच थोडी हवा सोडायची, हे काम सवयीचे होते.

सूचनांचा तास मात्र कोणी घाईने उरकत नाही. ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’, ‘ओव्हर लेफ्ट’, ‘गेट डाउन’ हे पाच-सहा हुकूम तोंडपाठ करून घेतले जातात. गढवाली असो की नेपाळी, इंग्रजी हुकूमच वापरतात, कारण गटात कोण कुठला असेल सांगता येत नाही. पाण्यात पडल्यावर पाठीवर तरंगायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि पंजे वर. उथळ पाण्यात उभे राहायचा मोह टाळायचा. दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकले तर मागून येणारे पाणी माणसाला पुढे वाकवून डोके खाली दाबते, आणि मग कंबरभर पाणीही पुरते. हे सांगताना गाइडचा आवाज बदलतो.

पाणी वाचायला शिकणे हाच या व्यवसायातला खरा अभ्यास, आणि तो पुस्तकातून फारसा होत नाही. पृष्ठभागावरची गुळगुळीत जीभ खालच्या बाजूला निमुळती होत गेली असेल तर तिथे खोल वाट आहे. टोक वरच्या बाजूला असेल तर त्या टोकाशी दगड आहे. दगडावरून ओतलेले पाणी पलीकडे उलटे फिरून परत दगडाकडे येते, आणि राफ्ट किंवा माणूस त्या घुमटीत अडकू शकतो. तिथला पांढरा फेस म्हणजे अर्धी हवा. त्यात लाइफ जॅकेटसुद्धा नेहमीसारखे वर उचलत नाही. मोठ्या दगडाच्या किंवा वळणाच्या आडोशाला पाणी उलट्या दिशेने सावकाश फिरते. ही ‘एडी’ म्हणजे नदीतली थांबायची जागा, आणि पुढच्या रॅपिडआधीची शेवटची एडी कुठे आहे हे माहीत नसेल तर मागच्याच एडीत थांबायचे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. आकडा कोणी मनात आणत नाही, पण किनाऱ्यापासून आत ढकलल्यावर वल्ह्याला बसणाऱ्या झटक्यातून तो समजतो. झंस्कारचे पाणी उन्हाळ्यात राखाडी, गाळाने दाट असते. तळ दिसत नाही, पाण्याखालचा दगड दिसत नाही. दिसतो तो फक्त पृष्ठभागावरचा परिणाम. गंगेच्या हिरव्या, पारदर्शक पाण्यावर शिकलेल्याला इथे पहिल्या वर्षी नव्याने शिकावे लागते.

त्याहून अवघड आहे ते नदीचे वेळापत्रक. कोलाडजवळ कुंडलिका नदीवर राफ्टिंग करून आलेल्या मराठी पर्यटकाला हा फरक चटकन कळतो. कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सोडलेले पाणी असते. ते ठरल्या वेळी येते आणि साधारण ठरलेल्या पातळीला चढते, गाइड घड्याळ पाहून राफ्ट उतरवतो. झंस्कारला पाणी सोडणारा सूर्य आहे. दुपारी हिमनद्या आणि बर्फाची मैदाने वितळतात, पण ते पाणी घळीतल्या मुक्कामाच्या तळापर्यंत पोचायला कित्येक तास लागतात. उगमापासून जितके लांब, तितका हा उशीर जास्त. त्यामुळे वरच्या भागात संध्याकाळी आलेला फुगवटा खालच्या तळावर मध्यरात्री किंवा पहाटे पोचू शकतो. ढगाळ दिवस गेला तर दुसऱ्या दिवशी नदी उतरलेली. सलग तीन-चार दिवस कडक ऊन पडले तर रोज चढती. एका पातळीला सोपा वाटणारा रॅपिड अर्धा मीटर पाणी वाढल्यावर पूर्ण बदलतो: काही दगड बुडून वाट मोकळी होते, तर काही बुडलेल्या दगडांमागे नवी घुमटी तयार होते. अवघड जागा गाठायची वेळ म्हणूनच आदल्या दिवशीच्या आकाशावरून ठरते. तळावर पोचल्यावर पाण्याच्या कडेला एक दगड किंवा काठी रोवून ठेवतात आणि रात्री उठून तिच्याकडे टॉर्च मारतात. राफ्ट पाण्यापासून चांगले वर ओढून, मोठ्या दगडाला दोन ठिकाणी बांधतात. बाहेर पडायची वाट नसलेल्या घळीत राफ्ट वाहून जाणे म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे घड्याळ वाऱ्याचे. उन्हाने दऱ्या तापल्या की दुपारनंतर घळीतून वरच्या दिशेने, म्हणजे प्रवाहाच्या उलट, जोराचा वारा सुटतो. संथ पाण्यावर तो राफ्टला जागीच रोखतो, कधी मागेही ढकलतो. वाळू डोळ्यांत जाते, तंबू उभे राहत नाहीत, चहाचा स्टोव्ह पेटत नाही. म्हणून सकाळी लवकर निघून दुपारच्या जेवणापर्यंत दिवसाचे मुख्य अंतर कापायचे, ही शिस्त. सुट्टीवर आलेल्या माणसाला पहाटे उठवणे हे गाइडच्या कामातले बहुधा सर्वांत कृतघ्न काम आहे. त्यातही पहाटेच्या थंडीत आदल्या दिवशीचा ओला वेटसूट अंगावर चढवायला लावणे.

वेटसूट इथे चैन नाही. पाण्याचे तापमान थोड्या अंशांच्या घरात असते. अशा पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात धाप लागून श्वास ताब्यात राहत नाही. त्या अवधीत डोके पाण्याखाली गेले तर पाणी आत जाते. त्यानंतर हातपाय नीट चालण्याचा काळ साधारण दहा मिनिटे. मग बोटे दोरी पकडू शकत नाहीत. शुद्ध हरपायला तासाभराचा अवधी असतो, पण त्याचा उपयोग आधीची दहा मिनिटे सुटका होण्यासाठी वापरली असतील तरच. बचावाची सगळी व्यवस्था या दहा मिनिटांवर बेतलेली असते. कायाकवाले राफ्टच्या पुढे जाऊन रॅपिडच्या तळाशी एडीत थांबतात. पिशवीत भरलेली तरंगणारी दोरी, म्हणजे थ्रो बॅग, घेऊन एक माणूस किनाऱ्यावर उभा राहतो. वल्हे उभे धरले तर या, आडवे धरले तर थांबा; शिटीचे तीन लांब आवाज म्हणजे संकट. पाण्याच्या गर्जनेत बोलणे ऐकू येत नाही, आणि ओरडणाऱ्या माणसाकडे नदीवर कोणी लक्षही देत नाही, कारण सगळेच ओरडत असतात.

राफ्ट उलटणे ही दुर्घटना मानली जात नाही, ती कामाचा भाग मानली जाते. लाट एका बाजूने उचलू लागली की सर्वांनी उंच झालेल्या बाजूवर झेप घ्यायची. वेळेत झाले तर राफ्ट वाचतो. नाही झाले तर गाइड उलटलेल्या राफ्टच्या पाठीवर चढतो, जवळच्यांना ओढून घेतो, कडेला बांधलेली दोरी पकडून मागे रेलतो आणि राफ्ट पुन्हा सरळ करतो. डोकी मोजणे हे त्यानंतरचे पहिले काम, आणि ते मोठ्याने करायचे असते. उलटलेल्या राफ्टखाली हवेची पोकळी असते आणि तिथे सापडलेला माणूस बऱ्याचदा शांत असतो, इतका की त्याचा शोध लागत नाही. या कारणाने राफ्ट कधी एकटा जात नाही. किमान दोन असतात.

घळीचा मधला भाग म्हणजे या सगळ्याची परीक्षा. भिंती शेकडो मीटर उभ्या उठतात. चुनखडक आणि शेलचे थर वाकून, दुमडून, काही ठिकाणी पूर्ण उलटे झालेले दिसतात. एकेकाळच्या टेथिस समुद्राच्या तळावर साचलेला गाळ खंडांच्या टकरीत कसा चेपला गेला, हे इतक्या उघडेपणी दाखवणाऱ्या जागा फार नाहीत. मान वर करून ते पाहण्याची चैन प्रवाशांना. गाइडचे डोळे भिंतीच्या पायथ्याशी असतात. पाण्याने खालून कोरलेल्या कडेत प्रवाह शिरतो आणि सोबत आलेले सगळे आत खेचतो. झाडे जवळपास नसल्यामुळे इतर नद्यांत आढळणारा वाहून आलेल्या ओंडक्यांचा धोका इथे कमी, त्याची जागा या कोरलेल्या कडांनी घेतली आहे. पात्र आवळते तिथे लाटा मोठ्या असतीलच असे नाही, पण पाणी तळातून उकळल्यासारखे वर येते, भोवरे फिरत फिरत जागा बदलतात आणि राफ्टचे तोंड हवे तिकडे राहत नाही. अशा ठिकाणी वल्हवणाऱ्यांनी ताल न सोडणे एवढेच हाती राहते. मोठ्या रॅपिडच्या आधी राफ्ट बांधून, किनाऱ्याने खाली चालत जाऊन, मग तळाकडून वर पाहत यायचे, असा रिवाज आहे. वरून सोपी वाटणारी वाट खालून पाहिल्यावर दगडात संपलेली दिसते. कधी निष्कर्ष असा निघतो की पर्यटकांनी कडेने चालत जावे आणि गाइडांनी रिकामे राफ्ट न्यावेत. पैसे देऊन आलेल्यांना हे पटत नाही. अशा वेळी मन न वळवता नुसता निर्णय सांगणारा गाइड बहुतेक वेळा बरोबर असतो.

तळ निवडताना तीन गोष्टी पाहतात: बाजूने येणारा स्वच्छ ओढा, कारण नदीचे गाळाचे पाणी पिण्यासारखे नसते, पाण्याच्या खुणेपेक्षा वरची सपाट वाळू, आणि माथ्यावर सुटे दगड नसलेला कडा. पहिली गोष्ट दुसरीशी भांडते, कारण स्वच्छ ओढ्याचे मुख म्हणजेच अचानक येणाऱ्या लोंढ्याचे मुख. लडाख कोरडा प्रदेश, म्हणून इथे पाऊस विसरला जातो. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेह परिसरात ढगफुटी होऊन दोनशेहून अधिक लोक मेले. तेव्हापासून ओढ्याच्या तोंडात तंबू लावू देत नाहीत. स्वयंपाकी नेपाळी असेल तर रात्री डाळ-भात ठरलेला. या उंचीवर पाणी सुमारे ८८ अंशांवर उकळते, प्रेशर कुकरशिवाय डाळ शिजत नाही, आणि कुकरची शिटी हरवली तर मोहिमेचे मनोधैर्य कसे खचते हे पाहण्यासारखे असते. सगळा कचरा, मानवी मैलासुद्धा, डब्यात बंद करून परत न्यायचा असतो. तो डबा कोणत्या राफ्टवर, यावरून रोज सकाळी थोडी घासाघीस होते.

गेल्या वर्षीच्या आठवणीवर इथे कोणी विसंबत नाही. ३१ डिसेंबर २०१४ रोजी फुगतालजवळ त्सरापच्या पात्रात मोठी दरड कोसळली, नदी अडली आणि मागे अनेक किलोमीटर लांबीचे सरोवर साचले. ७ मे २०१५ रोजी बांध फुटला. लोंढ्याने खालचे पूल वाहून नेले. खबरदारी घेतलेली असल्याने माणसे वाचली. त्या हंगामात उतरलेल्यांना वाळूच्या पट्ट्यांपासून रॅपिडच्या तोंडापर्यंत सगळे पुन्हा तपासावे लागले. लहान प्रमाणात हे दर वर्षी घडते: एखादी दरड, एखाद्या ओढ्याने आणून टाकलेले दगड, आणि ओळखीच्या रॅपिडची वाट उजवीकडून डावीकडे गेलेली.

मदत बोलावणे हा वेगळा प्रश्न. घळीत मोबाइलची पोच नव्हती, आणि भारतात खासगी व्यक्तीला परवान्याशिवाय उपग्रह फोन वापरता येत नाही. वर नेरकसारख्या गावांना पायवाटा आहेत, पण जखमीला उचलून तिथवर नेणे एका दिवसाचे काम. त्यामुळे मोडलेले हाड, निखळलेला खांदा, उंचीचा त्रास, सगळ्यांवर पहिला उपचार गटातच करावा लागतो आणि पुष्कळदा सर्वांत जवळचे रुग्णालय नदीच्या खालच्या टोकालाच असते. जखमीला राफ्टवर आडवे बांधून उरलेले रॅपिड पार करण्याचा निर्णय कोणत्याही नियमपुस्तिकेत लिहून ठेवता येत नाही.

मरखा नदी येऊन मिळते त्या चिलिंगच्या परिसरात घळ उघडू लागते आणि खडकाचा रंग बदलून जांभळा-तांबडा होतो. चिलिंग हे धातुकाम करणाऱ्या कारागिरांचे गाव; त्यांचे पूर्वज सतराव्या शतकात बुद्धमूर्ती घडवण्यासाठी नेपाळहून आणले गेले, असे सांगतात. नेपाळी गाइडांना ही कथा ठाऊक असते आणि ते ती थोड्या मालकी हक्काने सांगतात. चिलिंग ते निम्मू हा सुमारे २८ किलोमीटरचा टप्पा दिवसभराच्या सहलीसाठी वापरला जातो. मोहिमेवरून खाली आलेल्यांना इथे अचानक गर्दी लागते. निम्मूला उन्हाळ्यात झंस्कारचे पाणी सिंधूपेक्षा अधिक असते, आणि दोन रंगांच्या धारा काही अंतर शेजारी शेजारी वाहतात. किनाऱ्यावर लागल्यावर राफ्ट धुवायचे, वाळू काढायची, झडपा तपासायच्या, भेगांवर ठिगळ लावायचे. पर्यटक फोटो काढत असतात तेव्हा हे काम चालू असते.

आता या घळीत रस्ता आहे. सीमा सडक संघटनेने निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा मार्ग मार्च २०२४ मध्ये जोडून पूर्ण केला. शिंकू ला खिंडीखालच्या ४.१ किलोमीटरच्या बोगद्याचा पहिला सुरुंग त्याच वर्षी जुलैमध्ये उडवला गेला. झंस्कारच्या रहिवाशांसाठी याचे मोल मोठे आहे. हिवाळ्यात रुग्णाला किंवा शाळकरी मुलाला गोठलेल्या नदीच्या चादरीवरून चालवत नेण्याखेरीज दुसरा मार्ग नसे, तिथे वाहन पोचू लागले. गाइडांच्या कामात मिश्र बदल झाले. कडे फोडताना निघालेला राडारोडा पात्रात उतरला, काही तळांच्या डोक्यावर रस्ता आला, दारच्याहून पायी येणारे गट कमी झाले आणि त्यांच्याबरोबर विरळ हवेला सरावलेले प्रवासीही. लेहहून गाडीने एका दिवसात पदुमला पोचून दुसऱ्या सकाळी वेटसूट चढवणारा गट आता दिसू लागला आहे. त्याच्यासाठी सक्तीचा विश्रांतीचा दिवस कार्यक्रमात घालण्यावरून गाइड आणि मोहीम विकणारे यांच्यात दर हंगामात ओढाताण होते. सुटकेचा मार्ग जवळ आल्यासारखा वाटतो, पण रस्ता बऱ्याच ठिकाणी पाण्याच्या खूप वर, उभ्या भिंतीत कोरलेला आहे. राफ्टवरून त्याच्यापर्यंत चढता येईल अशा जागा मोजक्या आहेत, आणि त्या कुठे आहेत याची नवी यादी गाइड स्वतःच चालून-पाहून तयार करत आहेत.